मापाने बेतलेल्या चुका

दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘चुकणाऱ्या बाई’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट एखाद्या वर्षी हे नाव पडायला उशीर झाला, तर त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं होई.

कारण बाई मुद्दाम चुकत. रोज एक चूक, कधी फळ्यावर, कधी बोलण्यात. आठवड्याचे वार सांगताना गुरुवार गाळायचा. चित्रातल्या बैलगाडीला एकच चाक काढायचं. आणि मग जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जायचं. वर्गात आधी खुसखुस होई, मग कुणीतरी हात वर करी, मग बाई डोळे बारीक करून फळ्याकडे बघत आणि म्हणत, “अगं बाई, खरंच की. ये बघू, तूच नीट कर.”

ही सवय त्यांना बऱ्याच वर्षांपूर्वी लागली. एकदा अंगात कणकण असताना त्यांनी सात आणि सहा चौदा लिहिले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज वर्षभर कुणी ऐकला नव्हता, ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “तेरा.” एवढंच. पण त्या दिवसापासून ती बोलायला लागली ती लागलीच. बाईंनी तेव्हाच मनाशी धरलं, की बरोबर उत्तर विचारलं तर हुशार मुलं बोलतात, पण चूक दिसली तर कुणालाही राहवत नाही.

पुढे पुढे त्यात त्यांचा हात बसला. चूक उगाच कुठलीही करायची नाही, एका पोरासाठी करायची. कुलपं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा तोंड उघडत नसेल, तर चित्रातल्या कुलपाला किल्लीचं भोकच ठेवायचं नाही. बाकी सगळी बघत बसतात आणि तो एकटा चुळबुळत उठतो. हे कुणाला सांगायचं मात्र नाही, असा बाईंचा नेम होता. सांगितलं की त्यातली हवा जाईल, असं त्यांना वाटे.

आणि तेच अंगाशी आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी मुख्याध्यापिकेने त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत, वयाने ती आपल्या बाईंपेक्षा बरीच लहान असली तरी. तिने आधी पाणी दिलं, पंखा वाढवला. बाईंनी तिथेच ओळखलं की काहीतरी जड बोलायचं आहे.

“बाई, रागावू नका हं,” ती म्हणाली. “दोन-तीन पालक येऊन गेले. मुलं घरी सांगतात, आमच्या बाईंना बेरीज येत नाही. एकाच्या वडिलांनी तर विचारलं, बाईंचं वय झालंय का.”

“वय तर झालंच आहे,” बाई म्हणाल्या. “पण चुका मी मुद्दाम करते.”

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपण चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्याकडे पाहतो. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. सांगताना त्यांनाच वाटायला लागलं, की आपण सबब सांगतो आहोत.

“मी तुम्हाला खोटं म्हणत नाही,” मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. “पण मी त्या पालकांना काय सांगू? पुढच्या वर्षी तुम्ही ग्रंथालय बघा ना. शांत जागा आहे. निवृत्तीपर्यंत त्रास नाही.”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मला त्रास हवा आहे,” त्या म्हणाल्या. “दुसरीचा.”

मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण विरघळल्या थोड्या. ठरलं ते असं, की शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात त्या स्वतः दुसरीच्या वर्गात मागे येऊन बसतील. एक तास बघतील आणि मग वर्ग की ग्रंथालय ते ठरवतील.

घरी आल्यावर बाईंनी हातपाय धुतले, देवापुढे उभ्या राहिल्या. रोज त्या काही मागत नसत, नुसते हात जोडत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, वर्ग राहू दे एवढं बघ.

बाईंचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत त्यांच्या यजमानांचं शिवणाचं मशीन. ते शिंपी, म्हणून आळीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरात बाई आणि मास्तर दोघंही असून शाळेत एकच जातं, हा सासूबाईंचा ठेवणीतला विनोद होता आणि पाहुणा नवा असला की तो निघेच. मागच्या खोलीत स्वयंपाक, झोपणं, सगळं. तिथे एक जुनं लाकडी कपाट होतं. त्याच्या दाराला बाईंनी काळा रंग देऊन घेतला होता. तोच त्यांचा सुट्टीतला फळा.

दर उन्हाळ्यात बाई या दारावर पुढच्या वर्षाची तयारी करत. कुठला धडा कशाने शिकवायचा, त्यात काय गाळायचं, काय उलटं लिहायचं. आणि दर उन्हाळ्यात त्यांच्या वर्गात एकच विद्यार्थिनी असे, ती म्हणजे सासूबाई. पाटावर बसून, भिंतीला टेकून, भाजी निवडत त्या दाराकडे बघत.

“आई, दुसरीतल्या मुलासारखा विचार करा,” बाई म्हणत.

“मी शिकलेच दुसरीपर्यंत,” सासूबाई म्हणत. “दुसरा कसला विचार कुठून आणू?”

यंदा काम जास्त होतं. सकाळचं ऊन चढायच्या आत बाई चपला घालून बाहेर पडत. पहिलीतून दुसरीत येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन येत. फार वेळ नाही, दारातच. तुमचं पोर घरी काय करतं, कशात रमतं, एवढंच विचारायचं. एकीचे वडील चादरींना इस्त्री करायचे, ती मुलगी चादरीची अशी घडी घाले की चारी टोकं एकमेकांवर. एकाची आई बसमध्ये तिकिटं फाडायची, त्याला सगळे थांबे ओळीने पाठ. कुणी कबुतरं पाळे, कुणी आजोबांच्या गोळ्या वेळेवर देई. बाई ऐकून घेत आणि घरी येऊन मास्तरांना सांगत.

“म्हणजे तूही मापं घेत फिरतेस,” मास्तर म्हणाले. तोंडात टाचण्या असल्या की ते कमी शब्दांत बोलत, आणि टाचण्या बहुतेक वेळा असतच.

“अहो, तुमचं माप टेपने होतं. माझं माप बोलता बोलता घ्यावं लागतं.”

“आणि कापड बिघडलं तर?”

“तर ग्रंथालय,” बाई म्हणाल्या. मशीन थोडा वेळ नुसतंच चालत राहिलं.

एक मुलगी मात्र घरी सापडत नव्हती. शेजारणीने सांगितलं, तिची आई दिवसभर कामाला असते, म्हणून वडील तिला कामावर घेऊन जातात. वडील गवंडी. बाई शोधत शोधत पोचल्या तेव्हा एक अर्धवट भिंत उभी होती आणि मुलगी मगाने पाणी घेऊन नव्या बांधकामावर शिंपडत होती. एकेक वीट ओली होईपर्यंत ती पुढे सरकत नव्हती.

“बोलते का काही?” बाईंनी विचारलं.

गवंड्याने थापी पुसली. “आमच्याशी नाही. विटांशी बोलते. बाई, पहिलीत सांगत होते की हिला समजतच नाही. तुम्हीच बघा आता.”

बाई बघत राहिल्या. मुलीने वर पाहिलं, बाईंच्या चपलांकडे पाहिलं, आणि पाण्याचा मग घेऊन जरा बाजूला झाली, त्यांच्या पायावर पाणी उडू नये म्हणून. न समजणारं पोर असं करत नाही, बाईंच्या मनात आलं.

त्या दुपारी त्या दारासमोर उभ्या राहिल्या. मोठ्या बाई येतील त्या तासाची चूक याच मुलीसाठी करायची, हे ठरलं होतं. पण आधी सरावाला म्हणून त्यांनी दुसरंच लिहायला घेतलं. शंभरापासून दहा-दहा कमी करत उतरायचं. खाली बादलीचं चित्र काढलं, बादलीला कडी द्यायची नाही ही त्या दिवसाची चूक.

सासूबाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. “बादलीला कडी नाही,” त्या म्हणाल्या. “आणि आज दोन आहेत.”

“दोन?”

“ऐंशीनंतर एकदम साठ. सत्तर कुठे गेले?”

बाईंनी पाहिलं. सत्तर नव्हते. “हो, दोन ठेवल्या आज,” त्या म्हणाल्या. “मुद्दामच.”

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

सासूबाई जरा आडव्या झाल्यावर मास्तर पाणी प्यायला आत आले. तांब्या खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, “सत्तर खरे गेले ना?”

“कशावरून म्हणता?”

“तू मुद्दाम चुकतेस तेव्हा लिहून झालं की मागे वळून बघतेस, कोण पकडतंय ते. आज वळली नाहीस.”

बाई कपाटाला टेकून खाली बसल्या. इतके दिवस जे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते बाहेर आलं. “मला भीती वाटते हो. ते पालक म्हणाले ते खरं असेल तर? गेल्या वर्षीच्या सगळ्याच चुका माझ्या ठरवलेल्या होत्या का, मलाच आता सांगता येत नाही. मुलांनी पकडली की मी हसून घ्यायची. सवयच झाली. त्यात खरी कुठली गेली असेल, कुणास ठाऊक.”

मास्तरांनी बाईंना लगेच धीर वगैरे दिला नाही. ते त्यांना जमत नसे. ते म्हणाले, “परवा मी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाइकाला म्हणालो नाही की ही नवी पद्धत आहे. उसवल्या आणि पुन्हा लावल्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे आईला सांग, सत्तर खरे चुकले.”

संध्याकाळी बाईंनी सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “मला काय कळत नव्हतं? तुझा चेहराच पडला होता. मी म्हटलं, सूनबाई म्हणते मुद्दाम तर मुद्दाम. घरात एवढं चालायचंच.”

“आई, तुम्हाला आधीच माहीत असतं की मी चुका ठेवते. मग पकडायला कंटाळा नाही येत?”

“कंटाळा कसला? माहीत असतं म्हणून तर डोळ्यात तेल घालून बसते. नाहीतर भाजी निवडताना तुझ्या दाराकडे कोण बघतंय.”

बाई हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी जे झाकून ठेवलं होतं ते झाकायची गरजच नव्हती, हे त्यांच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसलं होतं.

मग उरलेल्या सुट्टीत बेत बदलला. बाई पुन्हा त्याच घरांना गेल्या आणि पालकांना उघड सांगितलं. तुमच्या पोराने घरी येऊन सांगितलं की आज बाई चुकल्या, तर एकच विचारा, तुला कसं कळलं? कुणी हसलं, कुणी मान हलवली, इस्त्रीवाला म्हणाला, “बाई, आमच्या घरी मी चुकलो तर पोरीला पकडायला सांगू नका म्हणजे झालं.” वर्गासाठीही नवा नियम ठरला. चूक सापडली की नुसतं ओरडायचं नाही, फळ्याजवळ येऊन कसं कळलं ते सांगायचं. आणि चूक खरोखर बाईंची असेल, तर बाई तसं कबूल करतील. हा शेवटचा नियम सासूबाईंनी घालायला लावला.

शाळा उघडली. बाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले, मुलं अशी खूश झाली की जणू कुणी त्यांना बाईंवर पाळत ठेवायची नेमणूक दिली होती. दोन दिवसांनी मोठ्या बाई आल्या आणि सगळ्यात मागच्या, लहानशा बाकावर गुडघे दुमडून बसल्या. हातात पेन होतं.

गवंड्याची मुलगी खिडकीकडच्या बाकावर होती. अजून एक शब्दही बोलली नव्हती.

बाईंनी फळ्यावर भिंत काढली. चार थर, एकेका थरात सहा विटा. ठरवल्याप्रमाणे प्रत्येक वीट खालच्या विटेच्या बरोबर डोक्यावर, सांध्यावर सांधा. अशी भिंत कुणी गवंडी बांधत नाही. काढून झाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

मुलं फळ्यावर नजर फिरवत होती. “बाई, खिडकी नाही भिंतीला,” एकजण म्हणाला. “सगळ्या भिंतींना खिडकी नसते,” शेजारचीने त्याला गप्प केलं. गवंड्याची मुलगी भिंतीकडे बघत होती. तिचे ओठ हलले, हात बाकाखाली गेला आणि तिथेच राहिला.

बाई थांबल्या. आणखी थांबल्या. मागे पेनाचं टोपण उघडून बंद झाल्याचा आवाज आला. आता पुढे जाणं भाग होतं.

“बरं, एकूण विटा किती? सगळे मोजू या,” त्या म्हणाल्या आणि फळ्याकडे तोंड करून प्रत्येक थरापुढे लिहीत गेल्या. “सहा, बारा, अठरा, सव्वीस.”

“बाई, चोवीस,” बसचे थांबे पाठ असलेला मुलगा उभा राहिला. “अठरानंतर सहा थांबे पुढे गेलं की चोवीस. सव्वीस म्हणजे तुम्ही दोन थांबे पुढे उतरलात.”

वर्ग हसला. बाईंनी फळ्याकडे पाहिलं. ही त्यांनी ठेवलेली नव्हती. मागे मोठ्या बाई वाकून काहीतरी लिहीत होत्या. नुसतं हसून ‘शाब्बास’ म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, मोठ्या बाईंना तर नाहीच. चूक पकडली गेली, पद्धत चालते, झालं. बाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

“शाब्बास,” त्या म्हणाल्या. “पण मुलांनो, ही मी मुद्दाम केली नव्हती. ही माझी खरी चूक आहे. माझं लक्ष दुसरीकडे होतं.”

खरी चूक पकडणं म्हणजे काय, हे मुलांना कुणी सांगावं लागलं नाही. बसवाल्या मुलाने छाती काढून इकडेतिकडे पाहिलं.

आणि मग खिडकीकडून एक बारीक आवाज आला. “ती पण खरी आहे का?”

गवंड्याची मुलगी उभी होती. एका हाताने बाक धरला होता.

“कोणती गं?” बाईंनी विचारलं.

“भिंत. ती पडेल.”

“तुला कसं कळलं?”

मुलीने सगळ्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे. बहुतेक भिंतच जास्त ओळखीची वाटली असावी, कारण ती चालत फळ्यापाशी आली. “सांध्यावर सांधा नाही ठेवायचा,” ती म्हणाली. “इथून चीर जाते. सरळ खाली.” तिने बोटाने चीर दाखवली. मग डस्टर घेऊन एक थर पुसला आणि विटा सरकवून पुन्हा काढायला लागली. थराच्या दोन्ही टोकांना थोडी थोडी जागा उरली. तिथे तिने दोन छोट्या विटा काढल्या.

“ह्या लहान कशा?” कुणीतरी विचारलं.

“अर्ध्या आहेत. बाबा तोडून लावतात.”

“मग आता चोवीस नाहीत,” बसवाला म्हणाला. त्याचं उत्तर कुणी बदलावं हे त्याला पसंत नव्हतं. “आता जास्त झाल्या.”

“नाही झाल्या.”

“मोज ना. ह्या थरात सात आहेत.”

“सात तुकडे आहेत,” मुलगी म्हणाली. “विटा सात नाहीत.”

वर्गाचे दोन तट पडले. पाच आख्ख्या आणि दोन अर्ध्या, म्हणजे किती, यावर अशी गडबड उडाली की बाई नुसत्या खडू धरून उभ्या होत्या. दुसरीला अर्धं शिकवायचा धडा वर्षाच्या शेवटी होता. इस्त्रीवाल्याच्या मुलीने रुमाल काढून घडी घालून दाखवली, दोन अर्धे एकमेकांवर ठेवून. तरी बसवाला मानेना.

“अरे, दोन अर्ध्या मिळून एक,” मागून आवाज आला. “म्हणजे सहाच की त्या थरात.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मोठ्या बाई त्या लहानशा बाकावरून अर्धवट उठल्या होत्या. पेन खाली पडलं होतं.

“तुम्हाला कसं कळलं?” गवंड्याच्या मुलीने विचारलं. नियम तसा होता.

मोठ्या बाईंनी क्षणभर बाईंकडे पाहिलं. मग मुकाट्याने फळ्यापाशी येऊन, त्या मुलीच्या हातून खडू घेऊन, कसं कळलं ते सांगितलं.

तास संपल्यावर दोघी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंच्या साडीला खडू लागला होता.

“सव्वीस खरंच चुकून लिहिलेत?”

“हो.”

“गप्प बसला असतात तर मला कळलंही नसतं.”

“त्याचीच भीती वाटली,” बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी साडीवरचा खडू झटकला. “वर्ग तुमच्याकडेच राहू दे. पालकांचं मी बघते. पण बाई, पुढे खऱ्या चुका वाढल्या तर?”

“तर मी स्वतः येईन आणि ग्रंथालयाची किल्ली मागेन.”

“आणि नाही आलात?”

“मग वर्गातलं कुणीतरी येईल तुमच्याकडे सांगायला. त्याला परत पाठवू नका. आधी विचारा, कसं कळलं.”

मोठ्या बाई हसल्या. या वेळी मोकळेपणी. “उद्या येऊ का पुन्हा? थोडा वेळच.”

“या की. बाक मात्र तोच मिळेल.”

मधल्या सुट्टीनंतर बाई वर्गात आल्या तेव्हा फळ्यावर लिहायला जागाच नव्हती. गवंड्याची मुलगी बाकावर चढून राहिलेले थर नीट करत होती, खाली बसवाला तिला विटा मोजून देत होता आणि चुकला की ती त्याला थांबवत होती. भिंत फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत गेली होती.

बाईंनी डस्टर उचललं, मग परत ठेवून दिलं. दुपारची वजाबाकी त्यांनी कोपऱ्यात उरलेल्या वीतभर जागेत बारीक अक्षरात लिहिली, आणि मागच्या मुलांना दिसेना म्हणून सगळ्या वर्गाला पुढे येऊन खाली बसायला सांगितलं.